मधल्या धारेच्या डॉक्टरबाई

"पहिली सोडायची, शेवटची सोडायची, मधली धार बाटलीत धरायची. बराबर?"

आमच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला लॅब होती. तिच्या खिडकीतून डॉक्टरबाई हे वाक्य दिवसभर म्हणत असायच्या. समोर पदर तोंडाशी धरून उभी असलेली बाई लाजेनं अर्धी झालेली असायची. बायांसोबत आलेले नवरे, दीर, सासरे एकदम आभाळाकडे बघायला लागायचे. बाईंना त्याचं काही नव्हतं. त्या पुन्हा, आधीपेक्षा मोठ्यानं विचारायच्या, "कोणती धार?" उत्तर आल्याशिवाय लघवीची बाटली हातात देत नसत. शेवटी ती बाई पुटपुटायची, "मधली." मग डॉक्टरबाई हसायच्या, आणि बहुतेक वेळा समोरची बाईही हसायची.

जुन्या जालन्यात त्यांना त्यावरून नावच पडलं. टांगेवाल्याला नुसतं "मधल्या धारेच्या डॉक्टरबाई" म्हटलं, की तो पुढचं काही न विचारता बरोबर आमच्या फाटकाशी आणून सोडायचा. बाईंच्या कानावर ते आलं तेव्हा मला वाटलं, चिडतील. त्या म्हणाल्या, "सिस्टर, लोकांच्या ध्यानात राहिलं म्हणजे अर्धं काम झालं."

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, औरंगाबादचा तालुका होता. आमचा दवाखाना इथल्या व्यापाऱ्यांनी धर्मादाय म्हणून काढलेला. मी तिथं नर्स होते. बाई आल्या तेव्हा त्यांना बसायला जी खोली मिळाली, ती पूर्वी सरकीचं गोदाम होती. कितीही धुतली तरी पावसाळ्यात भिंतींना सरकीचा वास सुटायचा. तिथं त्यांनी एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक आणि जंतू उगवायची एक उबेची पेटी मांडली आणि दाराला निळं कापड लावलं.

बाई वडीगोद्रीच्या. वडील शाळामास्तर. घर छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं. औरंगाबादला डॉक्टर होऊन पुढं त्या मुंबईला जंतूंचं शिकून आल्या होत्या. जो तो त्यांना विचारायचा, बाईमाणूस डॉक्टर झालात तर बाळंतपणं का नाही करत? त्या म्हणायच्या, "बाळंतपण करणारे पुष्कळ आहेत. रोग कशानं झाला ते बघायला कोणी तरी पाहिजे की न्हाई?" एरवी त्यांची भाषा शुद्ध, पण चिडल्या किंवा रंगात आल्या की वडीगोद्री बाहेर यायची.

दवाखान्याच्या कमिटीवर एक कापडाचे व्यापारी होते. एकदा लॅबच्या दारात उभं राहून, नाकाला उपरणं लावून ते म्हणाले, "एवढं शिकून शेवटी घाणीतच हात?" त्या बोलण्याचा रोख कुठं आहे हे आम्हाला सगळ्यांना कळलं. मी खाली बघितलं. बाईंनी सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला नाही. "शेठजी," त्या म्हणाल्या, "घाण तुमचीच आहे. सकाळी तुम्हीच पाठवलीत. मी फक्त तपासून राह्यले." शेठजी गेले. त्यांच्या रिपोर्टात साखर निघाली होती. ती कशी आवरायची हे सांगायला दुसऱ्या दिवशी बाई स्वतः त्यांच्या दुकानी गेल्या, आणि शेठजींनी त्यांना बसायला गादी दिली. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

बाटल्यांचा तर तमाशाच होता. लोक लघवी कशातही आणायचे. खोबरेल तेलाच्या बाटलीत, मधाच्या बाटलीत, एकदा तर सासऱ्यानं रिकाम्या केलेल्या दारूच्या बाटलीत. बाई बाटली उजेडाकडे धरायच्या, वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "केस छान राहतील. रोग मात्र कळणार नाही." मग त्यांनी रुंद तोंडाच्या बाटल्या जमवल्या. रोज सकाळी मोठ्या पातेल्यात त्या उकळून ठेवायच्या. पण उकळलेली बाटली दिली तरी बायांनी जायचं कुठं? दवाखान्यात बायकांसाठी मोरी नव्हती. बाया बाटली घेऊन भिंतीआड जायच्या, कुणाची चाहूल लागली की उठायच्या, आणि मधली धार कुठली, हाताला लागेल ती धार घेऊन यायच्या. बाई कमिटीपुढं उभ्या राहिल्या. तट्ट्यांची का होईना, पण मोरी पाहिजे म्हणाल्या. "आणि कडी आतून लागली पाहिजे." मोरी झाली. कडी बाईंनी स्वतः लावून पाहिली, आत उभं राहून.

जंतू उगवायचे तर त्यांना खायला रक्त लागतं, तेही मेंढीचं. गावाबाहेरून एक धनगर मामा महिन्याकाठी मेंढी घेऊन यायचे. बाई मेंढीच्या मानेतून सुईनं थोडं रक्त काढायच्या, मेंढीला गूळ द्यायच्या. मामा बघत बसायचे. एकदा मला हळूच म्हणाले, "रगत मेंढीचं, मूत बाईचं. ह्याच्यात औशिद कुणाला द्यायचं?" मी बाईंना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या, की सुई खाली ठेवावी लागली.

त्या रक्ताच्या थाळीवर लघवीचा थेंब पसरून थाळी पेटीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी जंतूंचे ठिपके दिसायचे. बाई थाळी खिडकीशी नेऊन, एक डोळा मिटून बघायच्या. बहुतेक वेळा ओळखीचा, आतड्यातला जंतू निघायचा. कधी कधी मात्र पांढरे, चकचकीत, टाचणीच्या डोक्यासारखे ठिपके यायचे. पांढऱ्या ठिपक्यांची एक परीक्षा असायची. नळीतल्या रक्तरसात तो जंतू घालायचा. रस गोठला तर जंतू घातक. नाही गोठला तर तो कातडीवर राहणारा, निरुपद्रवी, नमुना घेताना चुकून पडलेला. मुंबईला तसंच शिकवत. सगळ्या पुस्तकांत तसंच होतं. मग बाई रिपोर्टावर लिहायच्या, "बाहेरचा कचरा. जंतुदोष नाही."

बहात्तरचा दुष्काळ आला. माळामाळांवर खडी फोडायची कामं निघाली. बाया दिवसभर उन्हात, प्यायला पाणी नाही, आडोसा नाही. कामावरून उठून जावं तर मुकादम ओरडणार, म्हणून दाबून धरायच्या. आमच्याकडे लघवीच्या आगीच्या बाया येऊ लागल्या. त्यांत घनसावंगीकडची एक मुलगी होती. तिचं खरं नाव सांगत नाही, कुसुम म्हणते. नुकतं लग्न झालेलं, हाताला खडीचे घट्टे. सोबत सासू.

"काय होतं?" बाईंनी विचारलं.

"लई आग व्हते. डोळ्यातून पाणी येतं. घडीघडीला जावं लागतं."

"कामाचा कंटाळा," सासू म्हणाली. "घडीघडीला उठून जाती. दुसरं काय न्हाई."

कुसुमनं मधली धार नीट आणून दिली. तिच्या लघवीत पू होता, आणि थाळीवर उगवले ते पांढरे ठिपके. रक्तरस गोठला नाही. बाईंनी रिपोर्ट लिहिला, पुस्तकात होतं तसाच. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तो वाचून सासूला सांगितलं, "काळजीचं काही नाही. पाणी भरपूर पाजा." त्या वर्षी, त्या माळावर.

सासू तिथंच दारात कुसुमकडे वळली. "ऐकलं का? डाक्टर म्हंतेत काही न्हाई. नुसतं सोंग."

बाई खिडकीत होत्या. त्यांनी ते ऐकलं. हाक मारून म्हणाल्या, "अहो, पुन्हा एकदा नमुना देऊन जा. पू आहे, तो कशानं आला ते मला बघू द्या." पण सासूला बस गाठायची होती. ती कुसुमच्या दंडाला धरून निघून गेली. कुसुमनं मागं वळून पाहिलं. तिच्या बघण्यात राग नव्हता. आपलं बोलणं कुणालाच पटत नाही हे कळल्यावर माणूस जसं बघतं, तसं ते होतं.

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "सिस्टर, कचरा असता तर चार तऱ्हेचे ठिपके उगवले असते. हे सगळे एकाच तऱ्हेचे होते. आणि पू कुठून आला?" मी काय सांगणार? मी म्हटलं, "पुस्तकात आहे ना?" त्या म्हणाल्या, "पुस्तकात आहे."

पुढच्या वर्षी कुसुम पुन्हा आली. या खेपेला बैलगाडीतून, वडिलांसोबत. अंगात ताप, थंडीनं दात वाजत होते, कमरेवर हात ठेवला तरी ओरडायची. पोटात सहा महिन्यांचं मूल होतं. आग कधी थांबलीच नव्हती, फक्त तिनं सांगणं थांबवलं होतं. रोग वर मूत्रपिंडापर्यंत चढला होता. त्याच दुपारी मूल गेलं. मुलगा होता. मीच त्याला कापडात गुंडाळला.

बाई तिच्या खाटेजवळ आल्या. "हिला मी पाहिलंय," म्हणाल्या.

कुसुमनं डोळे उघडले. "तुम्हीच लिव्हलं व्हतं," ती म्हणाली, "काही न्हाई म्हणून."

बाईंनी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. नंतर मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन म्हणाल्या, "साहेब, हिच्या पोटातून, सुईनं, सरळ मूत्राशयातून नमुना काढून द्या. तिथं कातडीचा, कपड्याचा, बाटलीचा संबंध येत नाही."

मोठे डॉक्टर म्हणाले, "आता कशाला? औषध चालू करतोच आहे."

"औषध चालू करायच्या आधीच पाहिजे. ह्या पोरीनं सोंग केलं का माझ्या हातून चुकलं, मला बघायचंय."

त्यांनी कुसुमला विचारलं. सुई कुठं टोचणार, किती दुखेल, कशासाठी, सगळं सांगितलं. कुसुम म्हणाली, "काढा. आता काय राह्यलं." मोठ्या डॉक्टरांनी सुई घातली. मी कुसुमचा हात धरला होता. तिनं माझा हात दाबलाही नाही.

दुसऱ्या दिवशी थाळीभर पांढरे ठिपके उगवले होते. दुसरं काही नाही.

मग बाई त्या जंतूच्या मागंच लागल्या. आम्हा सगळ्या नर्सांचे हात, मान, काखा ओल्या बोळ्यांनी पुसून घेतल्या. आमच्या कातडीवरचे पांढरे जंतूही वेगवेगळ्या थाळ्यांवर उगवले. थाळीवर नाव लिहून ठेवायच्या, त्यामुळे पुढं कितीतरी दिवस दवाखान्यात थट्टा चालायची, तुझे जंतू माझ्यापेक्षा जाड आहेत म्हणून. सगळ्या थाळ्यांवर त्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या. एका औषधाच्या चकतीपाशी फरक दिसला. आमच्या कातडीवरचे जंतू त्या चकतीपासून लांब थांबले, चकतीभोवती मोकळं रिंगण राहिलं. कुसुमचा जंतू पार चकतीच्या काठाला भिडला होता.

बाईंनी मला बोलावून दाखवलं. "बघा, हा त्यांच्यातला नाही. दिसायला सारखा, पण वेगळा. आपण ह्याला गर्दीतला समजून सोडून देत होतो." त्यांच्या आवाजात आनंद होता. तो फार वेळ टिकला नाही. वॉर्डातून कुसुमच्या खोकण्याचा आवाज आला आणि त्यांनी थाळी झाकून ठेवली.

कुसुम औषधांनी बरी झाली. सासरहून निरोप आला, की पाठवू नका. रोग नाही असं आम्ही लिहिलं तेव्हा ती सोंगाडी ठरली होती. रोग आहे असं लिहिल्यावर तो लग्नाआधीचा ठरला. बाईंनी तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं, दोन तास समजावलं. हा वाईट चालीचा रोग नाही, कुठल्याही तरण्या बाईला होतो, वेळेवर कळला तर आठवड्यात जातो. नवरा मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "मागल्या वक्ताला तुम्हीच काही न्हाई म्हणून लिव्हलं. आता हे. मंग खरं कोणतं धरावं?" त्याच वर्षी त्यानं दुसरी केली.

औरंगाबादला नामांकित डॉक्टरांची एक सभा होती. कुसुमचा आणि त्यानंतर सापडलेल्या आणखी काही बायांचा जंतू घेऊन बाई तिथं निघाल्या. सोबत मी. थाळ्या ॲल्युमिनियमच्या डब्यात, डबा बाईंच्या मांडीवर. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "डब्यात काय बाई?" बाई म्हणाल्या, "पांढरे जंतू." त्याला वाटलं थट्टा केली. "आमाला पण द्या की एखादा," म्हणाला. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे आहेत, भाऊ. पण दुसऱ्या जातीचे." म्हणाल्या आणि क्षणभर थांबून स्वतःच हसल्या. जंतूंच्याही जाती असतात हे मला तेव्हा नव्यानं कळलं होतं.

सभेत त्या नीट बोलल्या. थाळ्या दाखवल्या. एक वयस्क प्राध्यापक पुढच्या रांगेत होते. त्यांनी थाळी हातात न घेताच विचारलं, "बाई, खेड्यातल्या बायका. स्वच्छतेचं काय ते तुम्हाला माहीतच आहे. हा कचरा नाही कशावरून?"

"सर, सुई पोटातून घातली होती."

"एकीची."

"एकीची. बाकीच्यांचे नमुने दोन-दोनदा घेतलेत. धुऊन. माझ्यासमोर."

"कुठं धुतलं? दुष्काळात?" ते म्हणाले, आणि लोक हसले. फार नाही, थोडेच. पण हसले.

बाई म्हणाल्या, "पाणी मी उकळून दिलं होतं, सर." मग थाळ्या डब्यात भरल्या आणि खाली येऊन बसल्या. परतताना बदनापूर गेलं, जालना आलं, तरी त्या डबा मांडीवर घट्ट धरून होत्या. फाटकाशी उतरल्यावर म्हणाल्या, "त्यांचं काय चुकलं? मी पण तेच लिहिलं होतं की."

त्यानंतर त्यांच्या रिपोर्टात 'कचरा' हा शब्द कधी आला नाही. तरण्या बाईच्या लघवीत पू आणि फक्त पांढरा जंतू निघाला, की त्या लिहायच्या, "ह्या जंतूनं रोग होऊ शकतो. औषध द्यावं." मोठे डॉक्टर औषध द्यायला लागले होते. बाया बऱ्या व्हायच्या. त्यांतल्या कितीतरी जणींना खिडकीआड त्यांच्यासाठी कोण कशाशी झगडलं, हे ठाऊकही नसेल. ठाऊक असायची गरजही नव्हती.

काही वर्षं गेली. एक दिवस बाई औरंगाबादहून आल्या, त्या सरळ वॉर्डात मला शोधत. कॉलेजच्या वाचनालयात परदेशातलं एक वैद्यकीय मासिक त्यांनी पाहिलं होतं. तरुण बायकांच्या लघवीत एक पांढरा जंतू खरोखर रोग करतो, तो रक्तरस गोठवत नाही, त्याच एका औषधाला दाद देत नाही, असं तिकडच्या लोकांनी लिहिलं होतं. त्याला लांबलचक नाव होतं, सॅप्रोफायटिकस. मला ते म्हणता येईना. बाईंनी तोडून तोडून माझ्याकडून म्हणवून घेतलं.

"म्हणजे बाई, तुमचं बरोबर होतं!" मी म्हटलं.

"माझं कुठलं," त्या म्हणाल्या. "तिचं बरोबर होतं. सिस्टर, रविवारी घनसावंगीला येता का?"

आम्ही बसनं गेलो, तिथून पुढं जीपनं. कुसुम माहेरी होती. उसाच्या शेतात वाढं, म्हणजे शेंड्यांचा हिरवा चारा, काढत होती. वडिलांनी हाक मारली तशी ती आली, हात पदराला पुसत. अंग सुकलेलं, पण ठणठणीत. आम्हाला ओळखलं. बाजेवर घोंगडी टाकली, पाणी दिलं. बाईंनी पाण्याचा तांब्या हातातच धरला आणि बोलायला सुरुवात केली. तिचे वडील, आई, भावजय, सगळी ऐकत होती.

"कुसुम, पहिल्या वेळी तू आलतीस, तेव्हा तुला रोग होता. तू खरं बोलत होतीस. मला तो ओळखता आला नाही. चूक माझी होती. आता मोठमोठ्या लोकांनीही लिहिलंय, की तो रोगच असतो. हे तुझ्या घरच्यांसमोर सांगायचं होतं, म्हणून आले."

कुसुम उभी होती. "मला ठावं व्हतं की मी खरं बोलून राह्यले," ती म्हणाली. "तुमाला आत्ता कळलं."

बाई म्हणाल्या, "हो."

भावजय चहा ठेवायला आत गेली. मग कुसुमनं हलक्या आवाजात विचारलं, "मंग मला लेकरू व्हईल का?"

"होईल की. तुझ्यात काही खोट नाही. न्हाई म्हणजे बिलकुल न्हाई."

कुसुम हसली. "कुणापासून?" म्हणाली.

बाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. निघताना त्या तिला म्हणाल्या, "जालन्याला येतेस का? दवाखान्यात काम लावून देते." कुसुमनं मान हलवली. "नको बाई. तिथं रोज त्या वॉर्डावरून जावं लागंल." आणि आत जाऊन आमच्यासाठी गुळाची ढेप घेऊन आली. आम्हाला नाही म्हणता आलं नाही.

जीपमध्ये बाईंनी मला एवढंच विचारलं, "मी कुणासाठी आले होते, सिस्टर? तिच्यासाठी का माझ्यासाठी?" मी म्हटलं, "दोघींसाठी." मला वाटतं त्यांना ते पटलं नाही.

पुढं त्यांना लांबच्या एका मेडिकल कॉलेजात जागा मिळाली. तिथं मुलांना शिकवायचं होतं. जायच्या आधी त्यांनी नव्या माणसाला सगळं दाखवलं, चकती कुठली ठेवायची, काय लिहायचं. नव्या माणसानं काही महिने केलं. मग मेंढीचं रक्त बंद झालं, चकत्या संपल्या त्या पुन्हा आल्या नाहीत. रिपोर्टावर पूर्वीचे शब्द परतले. मी मोठ्या डॉक्टरांना एकदोनदा बोलले. ते म्हणाले, "आपलं लहान गाव आहे सिस्टर, किती करणार?"

बाई गेल्याची बातमी औषध कंपनीच्या एका माणसानं आणली. दवाखान्यात गोळ्यांचे नमुने काढून ठेवता ठेवता, सहज म्हणाला. कावीळ झाली होती. रक्ताचं काम करता करता कधी तरी सुई बोटात गेली असणार, असं तिथले लोक म्हणत होते. चाळिशीही गाठली नव्हती. बातमी येईतो महिना उलटून गेला होता.

मी वडीगोद्रीला गेले. एवढी वर्षं त्यांच्याबरोबर काढली, पण त्यांच्या घरी कधी गेले नव्हते. त्या दोनतीनदा म्हणाल्या होत्या, "या एकदा, आई वड्या छान करते." मी दर वेळी 'येते की' म्हटलं होतं. घर रस्त्यापासून आत होतं. दारात मास्तर, त्यांचे वडील, बसले होते. आई वारल्याचं तिथं गेल्यावर कळलं.

"जय भीम," मास्तर म्हणाले.

मी एरवी नमस्कार म्हणणारी. त्या दिवशी तोंडातून "जय भीम" आलं.

मी कोण ते सांगितलं. मास्तरांनी मला खुर्ची दिली, स्वतः ओट्यावर बसले. मग म्हणाले, "ताई, एक विचारू का? आमची लेक नेमकं काय काम करायची हो? आम्ही विचारलं, की म्हणायची, तपासते. काय तपासते ते कधी सांगितलं न्हाई. आईला किळस यील म्हणून न्हाई सांगितलं का, आम्हाला कळणार न्हाई म्हणून?"

मी सांगितलं. लघवी हा शब्द मास्तरांसमोर म्हणताना आधी जीभ अडली, मग अडेनाशी झाली. मोरी सांगितली, मेंढी सांगितली, पांढरा जंतू सांगितला, सभा सांगितली. कुसुमचं सांगताना त्यांनी एकदा चष्मा काढला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"म्हणजे शोध तिनं लावला?" त्यांनी विचारलं.

"न्हाई काका. शोध बाहेरच्या लोकांच्या नावावर आहे. त्यांनी लिहिलं, मोजलं, नाव दिलं."

"पण तिला दिसला व्हता."

"हो. तिला दिसला होता."

"आपल्या इथल्या बायांत."

"आपल्या इथल्या बायांत."

मास्तरांनी मान डोलावली. मग म्हणाले, "हे तिनं सांगायला पाहिजे व्हतं. मी पोरांना शाळेत सांगितलं असतं."

संध्याकाळ व्हायला आली तशी मी उठले. मास्तर मला पोचवायला रस्त्यापर्यंत आले. मी नको म्हणत होते, तरी आले. परत जाताना ते हळू चालत होते, हात पाठीमागं बांधून, आणि वाटेत भेटलेल्या एका माणसाला थांबवून काहीतरी सांगत होते. लांबून शब्द ऐकू येत नव्हते. पण तो माणूस हातातली सायकल तशीच धरून ऐकत उभा राहिला होता. जालन्याची बस आली, दारातून कंडक्टरनं "जालना, जालना" म्हणून ओरडून माझ्याकडे बघितलं. मी मानेनं नाही म्हटलं. बस गेली. मास्तर अजून बोलत होते.